प्रेक्षकांच्या बाकावरून: बेळगावातील विद्यार्थी रोबोटिक्स स्पर्धेच्या जागेचे परीक्षण

विद्यार्थ्यांच्या रोबोटिक्स स्पर्धेविषयी जे काही छापून येते, त्यात विजेत्या संघांची नावे असतात, पाहुण्यांची भाषणे असतात आणि बक्षीस समारंभाचे छायाचित्र असते. स्पर्धा जिथे भरली ती जागा कशी होती आणि तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसलेल्या माणसाला काय दिसले, काय कळले, याविषयी सहसा कोणी लिहीत नाही. हे परीक्षण फक्त त्या जागेचे आणि तिथल्या व्यवस्थेचे आहे. बेळगाव शहरातील एका शिक्षणसंस्थेच्या बंदिस्त क्रीडागृहात या हिवाळ्यात हायस्कूल आणि पीयू कॉलेजच्या (अकरावी-बारावी) विद्यार्थ्यांची दोन दिवसांची स्पर्धा झाली. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण ज्या उणिवा सांगायच्या आहेत त्या आपल्या भागातील बहुतेक सभागृहांत आढळतील, आणि जे तिथे उत्तम जमले ते दुसऱ्या कोणत्याही संस्थेला फारसा खर्च न करता जमण्यासारखे आहे.

प्रेक्षक कोण होते हे आधी सांगायला हवे, कारण जागेचे मूल्यमापन त्यावरच अवलंबून आहे. शहरातील पालक होतेच, पण खानापूर, निपाणी, चिकोडी आणि हुक्केरी तालुक्यांतूनही माणसे आली होती. 2016 साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून शाळांना टिंकरिंग लॅबसाठी (मुलांनी स्वतः वस्तू बनवून पाहण्याच्या प्रयोगशाळेसाठी) 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले आणि सेन्सर, मोटार, मायक्रोकंट्रोलर या वस्तू मोठ्या शहरांबाहेरच्या शाळांमध्येही पोहोचल्या. त्यामुळे आता या स्पर्धांना अशी मुले येतात, ज्यांच्या घरात रोबोट बनवणारे तेच पहिले आहेत, आणि त्यांच्यासोबत आई-वडील, काका, आजोबा येतात, ज्यांनी असा सामना पूर्वी कधीही पाहिलेला नसतो. अशा प्रेक्षकाला सामना रंगतदार वाटण्यासाठी रंगीत दिवे आणि मोठ्या आवाजातील गाणी उपयोगी पडत नाहीत. त्याला मैदान दिसले पाहिजे आणि मैदानात काय चालले आहे ते कळले पाहिजे. या दोन कसोट्यांवर ही जागा काही बाबतींत फार चांगली उतरली आणि काही बाबतींत तिने निराशा केली.

दिसण्याचा प्रश्न सर्वांत मोठा होता. स्पर्धा फर्स्ट या अमेरिकी संस्थेच्या फर्स्ट टेक चॅलेंज या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या धर्तीवर होती: रोबोटांनी चेंडू टोपल्यांत टाकायचे आणि शेवटी आडव्या दांडीला लटकायचे. तिचे मैदान 12 फूट लांब आणि 12 फूट रुंद असते, त्याला सुमारे एक फूट उंचीचा कठडा असतो, आणि प्रत्येक रोबोट सामना सुरू होताना 18 इंचांच्या घनात मावावा लागतो. म्हणजे ज्या वस्तूकडे शेकडो माणसांनी बघायचे, ती गुडघ्याएवढ्या उंचीची असते आणि जमिनीवरच फिरत असते. क्रीडागृहाच्या सपाट फरशीवर मैदान मांडून त्याच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा लावल्या, की तिसऱ्या-चौथ्या रांगेपासून मागच्या माणसाला फक्त पुढच्यांची डोकी दिसतात. इथे नेमके तसेच झाले होते. त्यातच पुढच्या रांगेतील पालक चित्रीकरणासाठी उभे राहिले, की मागचेही उभे राहत, आणि मग खुर्च्या असून नसल्यासारख्या होत.

आपल्या भागातील माणसाला हे समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1912 साली उभारलेले खासबाग मैदान आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले आहे. मधोमध आखाडा आणि भोवताली वर वर चढत जाणारी गोल बैठक, अशी त्याची रचना आहे, आणि त्यामुळे शेवटच्या पायरीवर बसलेल्या माणसालाही पैलवानाने पट काढला की डाव टाकला हे दिसते. दोन पैलवानांची कुस्ती आणि चार छोट्या यंत्रांचा सामना यांत प्रेक्षकाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. दोन्हीकडे लहानशा जागेत, फार थोड्या वेळात, बारीक हालचालींवर निकाल लागतो. स्टेडियमची रचना करणारे अभियंते मागच्या प्रेक्षकाची नजर पुढच्याच्या डोळ्यांपेक्षा किती सेंटिमीटर वरून जाते याचा हिशेब करतात. ते अंतर 12 सेंटिमीटरच्या आसपास असले तर दृश्य उत्तम मानले जाते आणि 9 सेंटिमीटर असले तरी चालते. सपाट फरशीवर ते अंतर मिळूच शकत नाही. त्यामुळे रोबोटिक्सच्या स्पर्धेसाठी जागा निवडताना सभागृह किती मोठे आहे याऐवजी तिथे पायऱ्यांची बैठक आहे का, हे आयोजकांनी पहिल्यांदा पाहावे असे मला ठामपणे वाटते.

या क्रीडागृहात तशी बैठक होती, हेच अधिक खटकणारे आहे. पूर्वेच्या भिंतीला लागून सिमेंटच्या पायऱ्यांची पक्की गॅलरी आहे आणि तिथून मैदान अगदी तळहातावर असल्यासारखे दिसते. पण पहिल्या दिवशी ती निमंत्रितांसाठी राखून ठेवली होती आणि निमंत्रित बहुतेक आलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी ती सर्वांसाठी खुली केली, आणि त्याच क्षणापासून सभागृहाचे स्वरूप बदलले. खाली कंटाळून मोबाइलमध्ये डोके घातलेली माणसे वर जाऊन बसल्यावर ओरडू लागली, टाळ्या वाजवू लागली. स्पर्धा तीच होती, संघ तेच होते. फक्त नजरेतला अडथळा गेला होता. मैदान गॅलरीच्या आणखी जवळ सरकवता आले असते तर उत्तम झाले असते. काही ठिकाणी मैदान दोन-तीन फूट उंच मंचावर मांडतात, तोही एक मार्ग आहे, परंतु तेव्हा कठड्याशी उभे राहून रोबोट चालवणाऱ्या मुलांसाठीही तेवढ्याच उंचीची फळी लागते, नाहीतर प्रेक्षकांचे भागते आणि खेळणाऱ्यांचे अडते. पंच आणि छायाचित्रकार यांनी गॅलरीच्या बाजूला पाठ करून उभे राहू नये, एवढा साधा नियम तरी पुढच्या वेळी पाळला जावा.

जे थेट दिसत नाही ते पडद्यावर दाखवण्याची सोय होती. मैदानाच्या बरोबर वर, छताच्या लोखंडी कैचीला एक कॅमेरा बांधला होता आणि त्याचे चित्र एका मोठ्या पडद्यावर पडत होते. वरून घेतलेले हे चित्र फार उपयोगी असते, कारण कोणता रोबोट कोणाची वाट अडवतो आहे आणि चेंडू कुठे गोळा झाले आहेत, हे गॅलरीतूनही इतके स्पष्ट दिसत नाही. पहिल्या दिवशी सकाळी मात्र उंचावरच्या खिडक्यांतून येणाऱ्या उन्हाने पडदा पांढराफटक पडला होता. कोणीतरी तत्परतेने खिडक्यांवर काळे कापड लावून घेतले आणि दोन कामे एकदम झाली: पडदा दिसू लागला, आणि उन्हाच्या तिरिपीने ज्या रोबोटांचे रंग ओळखणारे सेन्सर फसत होते तेही सावरले. प्रकाश बदलला की अशा सेन्सरांचे मोजमाप बदलते; म्हणूनच कॅमेऱ्याचा फ्लॅश वापरू नये अशी विनंतीही वारंवार केली जात होती आणि ती योग्यच होती.

दुसऱ्या पडद्यावर वेळ आणि गुण होते, आणि या ठिकाणी माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. घड्याळ चालू असे, पण गुण सामना संपल्यावर, पंचांची आपसातील चर्चा आटोपल्यावरच झळकत. सामना अडीच मिनिटांचा असतो. पहिली 30 सेकंदे रोबोट स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालतो, पुढची 2 मिनिटे मुले कंट्रोलरने तो चालवतात आणि त्यातली शेवटची 30 सेकंदे निर्णायक कामगिरीसाठी असतात. या स्पर्धेत त्या वेळी रोबोटने आडव्या दांडीला लटकून स्वतःला जमिनीपासून वर उचलायचे होते. आपला संघ किती गुणांनी मागे आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असेल, तरच ती 30 सेकंदे श्वास रोखायला लावतात. लटकल्याने बरोबरी होणार आहे की विजय मिळणार आहे, की काहीही केले तरी उपयोग नाही, हे माहीत नसताना दांडीला लटकणारा रोबोट केवळ एक कसरत होऊन राहतो. अंतिम निकाल पंचांनी सावकाश द्यावा; पण चालू सामन्याचे अंदाजे गुण टिपून पडद्यावर टाकायला एक सराईत विद्यार्थी पुरेसा आहे. घराघरांत क्रिकेटचा धावफलक वाचणाऱ्या आपल्या प्रेक्षकाला आकडे दिले की बाकीचे तो स्वतःच समजून घेतो.

कोणता रोबोट कोणाच्या बाजूने खेळतो आहे, हेही दुरून ओळखू यायला हवे. या प्रकारच्या सामन्यात दोन संघांची एक लाल युती आणि दोन संघांची एक निळी युती असते. याच संस्थेच्या, मोठ्या आकाराच्या रोबोटांच्या फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनमध्ये रोबोटभोवती लाल किंवा निळ्या कापडाचे जाड बंपर असतात आणि त्यांवर संघाचा क्रमांक ठळकपणे लिहिलेला असतो, त्यामुळे स्टेडियमच्या टोकावरूनही ओळख पटते. इथे रोबोटांवर लहान चौकोनी पट्ट्या चिकटवल्या होत्या आणि त्या चाकांच्या व तारांच्या गर्दीत हरवून जात. उंच काडीला लावलेली छोटी रंगीत झेंडी, अर्थात रोबोटच्या हालचालीत अडथळा न आणणारी, हे काम अल्प खर्चात करील.

एवढ्या उणिवा असूनही मी दोन्ही दिवस शेवटपर्यंत थांबलो, याचे मुख्य कारण समालोचन. ज्यांना ही जबाबदारी दिली होती त्यांत एक तरुण शिक्षक होते आणि एक अभियांत्रिकीची विद्यार्थिनी होती. एक जण मराठीत सांगे आणि एक जण कन्नडमध्ये. तांत्रिक शब्द मोटार, सेन्सर, प्रोग्रॅम असे सर्वांच्या ओळखीचे. दोघांनीही एकमेकांचे बोलणे भाषांतरित करण्याचा आटापिटा केला नाही. मराठीत लाल युतीचे चालले असेल तर कन्नडमध्ये निळ्या युतीचे सांगितले जाई आणि पुढच्या सामन्यात बाजू बदलत. सीमाभागातील बहुतेक श्रोत्यांना दोन्ही भाषा बऱ्यापैकी कळतात, हे या दोघांनी ओळखले होते. त्यामुळे कुठेही पुनरुक्ती झाली नाही आणि कोणालाही परके वाटले नाही. याआधी इतरत्र अशा स्पर्धांमध्ये अथपासून इतिपर्यंत इंग्रजीतच निवेदन ऐकले आहे, आणि तिथे मुलांचे आजी-आजोबा तासाभरात बाहेर जाऊन बसलेले पाहिले आहेत.

या समालोचनाची खरी ताकद तयारीत होती. सकाळी सामने सुरू होण्याआधी दोघेही संघांच्या टेबलांवरून फिरून आले होते, आणि म्हणून कोणत्या संघाने रात्रीत रोबोटचा हात बदलला आहे, कोणाची चेंडू फेकणारी यंत्रणा कालच्या सामन्यात अडकली होती, कोणाचा प्रोग्रॅम आज प्रथमच चालणार आहे, हे ते नेमके सांगू शकत होते. त्यातही एका ठिकाणी त्यांचे कौतुक करावे तितके थोडे आहे. पहिल्या काही सामन्यांत सुरुवातीच्या 30 सेकंदांचे महत्त्व प्रेक्षकांना कळलेच नव्हते. रोबोट हळूहळू पुढे जात, थांबत, वळत, आणि लोक गप्पा मारत बसत. तेव्हा समालोचक मुलीने सामन्याआधी एवढेच सांगितले, की आता मुलांनी कंट्रोलर खाली ठेवले आहेत, पुढची 30 सेकंदे त्यांना हात लावायचा नाही, आणि रोबोट जे करील ते त्याला आधी शिकवून ठेवलेले आहे. माझ्या शेजारच्या आजोबांनी नातवाला विचारले, “मग कोण चालवालंय ते?” तो म्हणाला, “कोणच नाही आजोबा, ते आपलं आपण चालालंय.” त्यानंतर प्रत्येक सामन्याच्या प्रारंभी सगळे सभागृह शांत होऊ लागले आणि रोबोटने पहिला चेंडू योग्य जागी टाकला की एकदम गजर होऊ लागला. एका वाक्याने हे घडले. त्या वाक्यानंतर ती स्वतःही 30 सेकंदे गप्प राहत असे, आणि कुठे थांबायचे हे कळणारा समालोचक मिळणे दुर्मीळ आहे.

मात्र हे सर्व ऐकू येण्यासाठी धडपड करावी लागत होती. पत्र्याचे छत, उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशी असलेल्या क्रीडागृहात आवाज बराच वेळ घुमत राहतो आणि शब्दांतली व्यंजने एकमेकांत मिसळून जातात. अशा ठिकाणी एका कोपऱ्यात दोन प्रचंड स्पीकर ठेवून त्यांचा आवाज वाढवला, की गोंगाट वाढतो आणि शब्द हरवतात. त्याऐवजी कमी आवाजाचे अधिक स्पीकर प्रेक्षकांच्या जवळ लावले आणि भिंतींवर जाड कापडी पडदे किंवा फलक सोडले, तर खूप फरक पडतो. दोन सामन्यांच्या मध्ये लावलेली चित्रपटातील गाणी तर इतक्या मोठ्याने वाजत, की शेजाऱ्याला आत्ताच्या सामन्यात काय झाले हे विचारताही येत नसे. सामन्यानंतरची ती चर्चा हाच प्रेक्षकाच्या आनंदाचा मोठा भाग असतो, आणि तिला जागा ठेवायला हवी.

आता पिटविषयी. संघ जिथे रोबोट दुरुस्त करतात, बॅटऱ्या चार्ज करतात, प्रोग्रॅम बदलतात, त्या जागेला पिट म्हणतात. या संस्थेने पिट क्रीडागृहाला लागून असलेल्या लांब व्हरांड्यात ठेवले होते, प्रत्येक संघाला एक टेबल आणि विजेची जोडणी दिली होती, आणि प्रेक्षकांना दोरीपलीकडून अगदी हाताच्या अंतरावर फिरू दिले होते. माझ्या मते या संपूर्ण जागेचे हे सर्वांत श्रेष्ठ वैशिष्ट्य होते, आणि बेळगावसारख्या गावात तर ते फारच महत्त्वाचे आहे. उद्यमबागेतील फाउंड्री, मशीन शॉप आणि हायड्रॉलिकच्या कारखान्यांत काम करणारी शेकडो कुटुंबे या शहरात आहेत. मैदानातील सामन्याचे नियम त्यांना नवे असतील, पण गिअर, शाफ्ट, चेन, बेअरिंग या गोष्टी त्यांच्या रोजच्या हाताखालच्या आहेत. एका टेबलापाशी चाक शाफ्टवर घसरत असल्याने मुले हैराण झाली होती. पुन्हा पुन्हा ग्रब स्क्रू (चाक शाफ्टला धरून ठेवणारा छोटा स्क्रू) आवळत होती आणि तो पुन्हा पुन्हा सैल होत होता. दोरीपलीकडे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी शांतपणे विचारले, की शाफ्टला फ्लॅट मारला आहे का. गोल शाफ्टवर स्क्रूच्या टोकाला पकड मिळत नाही. तेवढ्या जागी कानशीने सपाटी केली की स्क्रू बसतो. मुलांनी कानस मिळवली, फ्लॅट मारला, आणि पुढच्या सामन्यात ते गृहस्थ त्या रोबोटच्या प्रत्येक वळणावर उभे राहून ओरडत होते. पिट खुले असल्यानेच एका अनोळखी प्रेक्षकाला त्या सामन्यात स्वतःचे काहीतरी गुंतल्यासारखे वाटले.

पिटमध्ये आणखी एक चांगली प्रथा पाळली गेली. एखाद्या संघाला सुटा भाग किंवा हत्यार हवे असेल तर तशी घोषणा ध्वनिक्षेपकावरून होई, आणि बहुतेक वेळा थोड्याच वेळात दुसरा कोणीतरी संघ, कधी कधी पुढच्या सामन्यातील प्रतिस्पर्धी संघच, ती वस्तू घेऊन धावत येई. फर्स्ट या संस्थेच्या स्पर्धांमध्ये वूडी फ्लॉवर्स या प्राध्यापकांनी रुजवलेले ‘ग्रेशस प्रोफेशनलिझम’चे तत्त्व हेच सांगते, की जीव तोडून खेळावे आणि समोरच्यालाही सन्मानाने वागवावे. बाकावर बसलेल्या माणसाला हे तत्त्व भाषणातून कळले नसते. ध्वनिक्षेपकावरची हाक आणि धावत येणारी मुलगी पाहून ते कळले. सुरक्षेच्या बाबतीतही शिस्त होती: टेबलापाशी काम करणाऱ्या प्रत्येक मुलाच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा होता आणि लहान मुलांना दोरीच्या आत सोडले जात नव्हते.

वेळेच्या नियोजनात मात्र पाणी मुरते. अडीच मिनिटांचा सामना आणि पुढचा सुरू होईपर्यंत दहा-बारा मिनिटांचा खंड, हे प्रमाण कोणत्याही खेळाला परवडणारे नाही. अशा स्पर्धांमध्ये दोन मैदाने शेजारी मांडून एकावर सामना चालू असताना दुसऱ्यावर पुढची मांडणी करण्याची पद्धत आहे. इथे जागा असूनही एकच मैदान होते. मधला वेळ भरून काढण्यासाठी गाण्यांऐवजी नुकत्याच संपलेल्या सामन्यातील महत्त्वाचा क्षण वरच्या कॅमेऱ्यातून संथ गतीने पुन्हा दाखवता आला असता, किंवा हरलेल्या संघातील एखाद्या मुलाला नेमके काय बिघडले हे दोन वाक्यांत सांगायला लावता आले असते. दुसऱ्या दिवशी एकदाच असे घडले. एका मुलाने बॅटरी उतरल्यामुळे रोबोट मध्येच कसा थांबला हे सांगितले आणि त्याला विजेत्यांपेक्षा मोठी टाळी मिळाली.

याहून अधिक हळहळ वाटावी अशी गोष्ट म्हणजे बाद फेरीसाठी झालेली युतीची निवड. साखळी सामन्यांनंतर वरच्या क्रमांकाचे संघ आपला जोडीदार संघ निवडतात. कोणाला बोलवायचे, आपल्याला आलेले आमंत्रण स्वीकारायचे की नाकारायचे, हे कर्णधारांना सर्वांसमोर ठरवावे लागते, आणि साखळीत तळाशी राहिलेला पण दांडीला लटकण्यात पटाईत असलेला एखादा संघ अचानक पहिल्या क्रमांकाच्या युतीत जातो. प्रेक्षकांनी दीड दिवस जे पाहिले त्याचा इथे कस लागतो. प्रत्येकाच्या मनात आपापला अंदाज तयार असतो. आयोजकांनी वेळ वाचवण्यासाठी ही निवड एका बंद खोलीत उरकली आणि नंतर कागदावरून यादी वाचून दाखवली. दहा मिनिटे वाचली आणि दोन दिवसांतील सर्वोत्तम प्रसंग प्रेक्षकांच्या हातून गेला. बाद फेरी सुरू झाली तेव्हा हे दोन संघ एकत्र कसे आले, हा प्रश्न माझ्या भोवतालच्या बहुतेकांना पडलेला होता.

खेळाची कल्पनाच जर लोकांच्या परिचयाची असेल तर जागेवरचा बराच भार हलका होतो, हेही इथे नमूद करायला हवे. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची रोबोकॉन ही महाविद्यालयीन स्पर्धा 2002 साली टोकियोत सुरू झाली आणि 2008 मध्ये ती पुण्यात झाली. त्या वर्षीचा खेळ दहीहंडीच्या कल्पनेवर रचलेला होता. 2014 साली ती पुन्हा पुण्यात भरली, तेव्हा पालक रोबोट आपल्या बाळ रोबोटला झोक्यावर आणि सी-सॉवर खेळवतो, अशी कल्पना होती. असा खेळ बघायला बसलेल्या माणसाला नियमपुस्तिका लागत नाही. हंडी म्हटले की काय साधायचे आहे ते त्याला ठाऊकच असते. बेळगावातील स्पर्धेचा खेळ चेंडू, टोपल्या आणि दांडी असा असल्याने समजायला अवघड नव्हता, परंतु कोणत्या टोपलीला किती गुण हे सांगणारा मोठा फलक गॅलरीसमोर नव्हता. प्रवेशद्वारापाशी वाटलेले नियमांचे पत्रक फक्त इंग्रजीत होते. एका पानावर मैदानाचे चित्र आणि त्यात मराठी व कन्नड अक्षरांत गुण, एवढे छापले असते तरी ते घरोघरी गेले असते.

फर्स्टची पहिली रोबोटिक्स स्पर्धा 1992 साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात, मँचेस्टर गावच्या एका हायस्कूलच्या जिममध्ये झाली होती आणि तिथे 28 संघ होते. पुढे त्याच स्पर्धेची अंतिम फेरी अटलांटाच्या जॉर्जिया डोमसारख्या स्टेडियममध्ये भरली. बेळगावला स्टेडियमची घाई करण्याचे कारण नाही. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय ज्या शहरात 1998 पासून आहे, जिथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, यंत्रांची जाण असलेला प्रेक्षक आहे, तिथे एक बऱ्यापैकी क्रीडागृह नीट वापरले तरी अप्रतिम स्पर्धा होऊ शकते, आणि या संस्थेने पिट आणि समालोचन या दोन बाबतींत ते निम्म्याहून अधिक साध्य करून दाखवले आहे.

इतर सोयींविषयी थोडक्यात. प्रवेश विनामूल्य होता. दुचाकी लावायला भरपूर जागा होती, चारचाकींची मात्र रस्त्यापर्यंत रांग लागत होती. मध्यवर्ती बसस्थानकावरून रिक्षाने येणे सोयीचे पडते. पोहे, गिरमिट, मिरची भजी आणि चहा रास्त दरात मिळत होता, आणि एका कोपऱ्यात बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी कुंद्याचाही स्टॉल होता. पिण्याच्या पाण्याची सोय चोख होती. महिलांसाठीची स्वच्छतागृहे अपुरी पडली आणि दुपारी तिथे लांब रांग होती. मुलींच्या संघांची संख्या चांगली असताना याचा विचार आधीच व्हायला हवा होता. गॅलरीच्या पायऱ्यांना हाताने धरायला कठडा नाही, त्यामुळे वयस्कर माणसांना वर चढताना कोणाचा तरी आधार घ्यावा लागतो. ही त्रुटी स्पर्धेपुरती नसून कायमची आहे आणि ती तातडीने दूर करावी.

पुढच्या वर्षी इथे जाऊ इच्छिणाऱ्यांनी पहिल्या दिवसाऐवजी दुसरा दिवस निवडावा. आल्याबरोबर पिटमध्ये एक फेरी मारावी, दोन-तीन संघांशी बोलावे आणि त्यांचे क्रमांक लक्षात ठेवावेत, म्हणजे मैदानात कोणाकडे बघायचे हे आधीच ठरलेले असते. सभागृहात शिरताना मोबाइलचा हॉटस्पॉट बंद करावा, कारण रोबोट आणि कंट्रोलर यांच्यातील संपर्क वाय-फायवर चालतो आणि गर्दीतील हॉटस्पॉटमुळे तो विस्कळीत होऊ शकतो. गॅलरीत मधल्या पायऱ्यांवर, दांडी असलेल्या बाजूला बसावे. तिथून शेवटच्या 30 सेकंदांत लटकणारे रोबोट समोरून दिसतात आणि वरच्या कॅमेऱ्याचा पडदाही मान न वळवता वाचता येतो. बाद फेरी दुपारच्या जेवणानंतर सुरू होते आणि तोपर्यंत गॅलरी भरून जाते, म्हणून जेवण लवकर उरकून एक वाजण्याच्या आत जागा धरावी.